सहा महिने नुसता डिफेन्स चाललाय, मुलाला दुसरीकडे घालू का?

डोंबिवलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा ११ वर्षांचा. सोसायटीत टेनिस बॉलवर दहावीतल्या मुलांनाही गच्चीवर मारतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला शिवाजी पार्कला नेटमध्ये घातलं. आता नोव्हेंबर आला, तरी सर फॉरवर्ड डिफेन्स (पुढचा पाय टाकून चेंडू नुसता अडवणं) आणि सरळ बॅट याच्या पुढे सरकत नाहीत. हवेत मारला की ओरडतात. मुलगा कंटाळलाय. घराजवळ पॉवर हिटिंग शिकवणारी अकादमी निघाली आहे, तिथे पहिल्या दिवसापासून बोलिंग मशीनवर मोठे फटके मारायला देतात. क्रिकेट इतकं बदललंय, मग हे जुनं शिकवण्यात मुलाचा वेळ फुकट जात नाही का, असं ते विचारतात.

मी २७ वर्षं मुलांना शिकवतोय. त्याआधी बँकेकडून आणि क्लबकडून खेळलो, मुंबईतल्या क्लबांच्या कांगा लीगमध्ये बरीच वर्षं घालवली. तेव्हा दोन्ही बाजू पाहिल्यात: ज्या काळात हवेत मारलेला चेंडू म्हणजे गुन्हा होता तो काळ, आणि षटकार मारता येत नाही म्हणून मुलाला संघाबाहेर ठेवतात तो आजचा काळ. तुमची काळजी मला रास्त वाटते, आधीच सांगतो. पण प्रश्न जसा मांडलाय तसा तो सुटायचा नाही. डिफेन्स की फटका, हा खरा प्रश्नच नाही. तुमचा मुलगा चेंडूचा टप्पा कुठे पडणार हे किती लवकर ओळखायला शिकतोय, हे बघायला हवं. ते शिकवलं जात असेल तर डिफेन्समधूनही तो पुढे जाईल. नसेल तर ना इथे काही मिळेल, ना त्या अकादमीत.

आता हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मुंबईत डिफेन्सला एवढा मान का, याला कारणं होती. आमच्या वेळी एका नेटला २५-३० मुलं. आठवड्यातून एखादी मॅच मिळाली तर मिळाली. शून्यावर आउट झालात की दिवसभर फिल्डिंग, आणि पुढची बॅटिंग कधी मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून विकेट फेकायची नाही, हे आईने ताटात अन्न टाकू नको म्हणून सांगावं तसं मनावर बिंबवलेलं असायचं. त्यात पिचेस. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. माझी पहिली मॅच मला अजून लख्ख आठवते. मी १६ वर्षांचा होतो. सकाळभर पाऊस पडून गेलेला, बोलरच्या पायाखाली लाकडाचा भुसा टाकलेला, आउटफिल्डमध्ये गवत घोट्यापर्यंत. पहिला चेंडू गुड लेंथवरून, म्हणजे पुढे जावं की मागे हे पटकन ठरत नाही अशा टप्प्यावरून, उसळून छातीशी आला. दुसरा त्याच जागेवरून घोट्याच्या उंचीने निघून गेला. मी दोन्ही वेळा पुढे धावत सुटल्यासारखा खेळलो होतो. समोरून आमच्या क्लबचे एक वयस्कर खेळाडू आले, ग्लोव्ह्ज काढून पँटला हात पुसले आणि म्हणाले, "बॉलला येऊ दे. तू त्याच्याकडे जाऊ नकोस." बस. त्या दिवशी मी ११ धावा केल्या आणि दीड तास उभा राहिलो. चेंडू शेवटपर्यंत बघून, शरीराजवळ, उशिरा खेळणं म्हणजे काय ते त्या दीड तासात कळलं. कुठल्याही नेटमध्ये ते कळलं नव्हतं.

याच मुशीतून मुंबईचा संघ घडला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक याच शहरात राहिला. एवढं यश मिळालेली पद्धत लोक सहजासहजी सोडत नाहीत. आपल्या सरांचे सर, त्यांचे सर, सगळे याच परंपरेतले. तुमच्या मुलाचे सर ओरडतात तेव्हा त्यांच्या तोंडून ही तीन पिढ्यांची सवय बोलत असते.

पण खेळ बदलला, आणि थोडाथोडका नाही. १९७५ च्या पहिल्या वर्ल्ड कपला इंग्लंडने लॉर्ड्सवर ६० षटकांत ३३४ केल्या आणि उत्तरात सुनील गावसकर पूर्ण ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ राहिले. आज कुणाला ते खरं वाटत नाही. त्या वेळी एकदिवसीय सामना खेळायचा कसा, हेच आपल्याकडे पुरतं उमगलेलं नव्हतं. १९८३ ला आपण तोच वर्ल्ड कप जिंकलो आणि मर्यादित षटकांचं क्रिकेट घराघरात आलं. २००७ ला पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला, पुढच्या वर्षी आयपीएल सुरू झाली, आणि १८ एप्रिल २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेंडन मॅक्युलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ केल्या. त्या आठवड्यात नेटमध्ये आलेली मुलं वेगळी होती. उभं राहण्याची पद्धत तीच, पण नजर मैदानाच्या दोरीकडे.

साहित्यही बदललं. माझ्या पहिल्या बॅटची कड माझ्या करंगळीएवढी होती. आता लाकूड जास्त वाळवतात, कमी दाबतात, त्यामुळे वजन फारसं न वाढता बॅट जाड होते. कडा इतक्या फुगल्या की २०१७ मध्ये नियम करून त्यांना ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. पिचेस झाकली जाऊ लागली, हेल्मेट आलं, सीमेची दोरी आत आली. पूर्वी जो चुकलेला फटका मिड ऑनच्या हातात जायचा, तो आज त्याच्या डोक्यावरून सीमेपार जातो. म्हणजे हवेत मारण्यातला धोका खरोखरच कमी झालाय. हे जो कोच मानत नाही, तो मुलाला चुकीचा हिशोब शिकवतो.

आणि बदल फक्त फटक्यांत झालाय असं समजू नका. खुद्द डिफेन्स बदललाय. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या सरांना पारखायला याचा उपयोग होईल.

मी कोचिंग सुरू केलं तेव्हा ऑफ स्पिन खेळायला मुलांना असं शिकवायचो: पुढचा पाय चेंडूच्या टप्प्याकडे लांब टाका, पॅड पुढे, बॅट पॅडच्या किंचित मागे आणि चिकटून. चेंडू वळला तर पॅडला लागेल, बॅटची कड लागून शॉर्ट लेगला, म्हणजे अगदी जवळ उभ्या फिल्डरला, कॅच जाणार नाही. एलबीडब्ल्यूची (पायचीत होण्याची) भीती फार नव्हती. एवढा लांब पाय टाकल्यावर चेंडू स्टंपला लागलाच असता असं अंपायर छातीठोक सांगू शकत नसत, आणि संशयाचा फायदा बॅट्समनला. आम्ही सगळे तसेच खेळलो. मग डीआरएस आलं, म्हणजे अंपायरचा निर्णय कॅमेऱ्यांच्या मदतीने तपासून बघायची पद्धत. २००८ ला आपल्याच श्रीलंका दौऱ्यात त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि बरीच वर्षं नको म्हणून शेवटी २०१६ च्या अखेरीस आपणही मायदेशात ते घेतलं. पडद्यावर दिसायला लागलं की ज्या चेंडूंना आम्ही वर्षानुवर्षं नॉट आउट धरत होतो, त्यातले कितीतरी स्टंपवर जात होते. अंपायरांची नजर बदलली. ज्या मॅचला डीआरएस नाही तिथेही बोट वर जायला लागलं. मग मला माझं शिकवणं बदलावं लागलं. आता मी सांगतो, बॅट पॅडच्या पुढे, हात सैल, पाय चेंडूच्या रेषेच्या थोडा आत म्हणजे बॅटला यायला वाट मोकळी राहते. ज्या मुलांना मी जुनं शिकवून पाठवलं होतं त्यातल्या दोघांना फोन करून सांगितलं की बाबांनो, ते सोडा.

म्हणून तुमच्या मुलाचे सर स्पिनरला कसं खेळायला सांगतात ते एकदा नीट बघा. पॅड पुढे आणि बॅट मागे लपवलेली असेल, तर ते २०-२५ वर्षांपूर्वीचं शिकवतायत. बॅट पुढे असेल, तर तो माणूस अजून शिकतोय. त्याच्यावर जरा विश्वास ठेवायला हरकत नाही.

एवढं सगळं बदललं, मग बदललं नाही असं काय? पिच २२ यार्डांचंच आहे. ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू बोलरच्या हातून सुटल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत तुमच्यापाशी पोचतो. तुमच्या मुलाच्या वयात बोलर याच्या निम्म्या वेगाने टाकतात, पण मुलाचं शरीरही तेवढंच कच्चं असतं. त्या वेळात आधी ओळखायचं, मग ठरवायचं, मग हलायचं. फटका कुठलाही असो, रिव्हर्स स्वीप असो की छातीवर आलेला चेंडू लेगला ओढून मारायचा पुल, पहिली पायरी एकच: टप्पा कुठे पडतोय. पूर्वी टप्पा ओळखून बहुतेक वेळा चेंडू अडवायचा असायचा, आज त्याच टप्प्याला तीन-चार उत्तरं असतात. उत्तरं वाढली, म्हणजे ठरवायला वेळ जास्त लागणार. तो वेळ मिळवायचा तर ओळखणं आधीपेक्षाही लवकर व्हायला हवं.

आता टेनिस बॉलकडे येऊ, कारण गोंधळ तिथे आहे. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा. सीझन बॉल, म्हणजे मॅचचा कातडी चेंडू, १५६ ते १६३ ग्रॅम, लहान मुलांसाठीचा असला तरी १३० च्या वर. टेनिस बॉल टप्पा पडून वर उठतो आणि थांबल्यासारखा येतो. त्यामुळे मुलगा मागच्या पायावर वजन ठेवून, पुढचा पाय लेगला काढून, मनगट आणि खांद्याच्या जोरावर त्याला कुठूनही उचलतो. त्यात चूक काही नाही, त्या चेंडूला तेच योग्य आहे. पण सीझन बॉल टप्पा पडला की घसरत, वेग न सोडता येतो, शिवण लागली तर वळतोही. तीच हालचाल केली की बॅट आणि पॅडमधून स्टंप उडतो, किंवा वरची कड लागून कॅच जातो. मुलाला वाटतं आपलं नशीब वाईट. वडिलांना वाटतं सरांनी बिघडवलं. प्रत्यक्षात चेंडू बदललाय आणि डोळ्यांनी अजून त्याचा हिशोब धरलेला नाही.

याचा अर्थ टेनिस बॉल बंद करा असा मुळीच नाही. सूर्यकुमार यादवचे ते अचाट फटके लहानपणी सिमेंटच्या कडक पिचवर रबरी बॉलने खेळून आलेत, हे त्याने स्वतः सांगितलंय. ते त्याला कुणा कोचने शिकवले नव्हते आणि मी तरी शिकवू शकलो नसतो. सोसायटीतलं ते तासभराचं क्रिकेट, वाद, रडारड, पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला की आउट हे नियम, यातून मुलाला मोकळीक मिळते. गॅप शोधायची अक्कलही तिथेच येते. ते सुरू राहू द्या.

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगायलाच हवी, कारण तुमच्या मुलाचा कंटाळा वाचून मला तीच आठवली. २००६ च्या सुमारास माझ्याकडे १२ वर्षांचा एक मुलगा होता. हाताला विलक्षण वेग. मिड विकेटच्या डोक्यावरून तो असा सहज मारायचा की बाजूच्या नेटमधली मुलं थांबून बघायची. मी नियम केला होता: हवेत मारला की मैदानाला एक फेरी. तो रोज पाच-सहा फेऱ्या मारायचा. हळूहळू फेऱ्या कमी झाल्या. मला वाटलं शिस्त लागली. दीड-दोन वर्षांनी तो यायचा बंद झाला. वडिलांना भेटलो तर ते म्हणाले, बॅटिंगला जायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याची कसर मला कधीच भरून काढता आली नाही. फेरीचा नियम मी त्याच आठवड्यात बंद केला. आता मुलाने हवेत मारला तर मी एवढंच विचारतो: टप्पा कुठे होता? त्याने बरोबर सांगितलं आणि तो मारण्याजोगा होता, तर फटका चुकला तरी मी काही बोलत नाही. सांगता आलं नाही, तर चौकार गेला असला तरी आम्ही थांबून बोलतो.

टप्पा ओळखणं शिकवायचं कसं, हे लोक विचारतात. माझी पद्धत साधी आहे. मुलाला बॅट घेऊन उभं करतो आणि मी १५-१६ यार्डांवरून हाताने चेंडू टाकतो. टप्पा पडायच्या आधी त्याने मोठ्याने ओरडायचं, "पुढे" किंवा "मागे". म्हणजे पुढच्या पायावर जायचं की मागच्या. खेळायचं नाही, नुसतं ओरडायचं आणि पाय हलवायचा. परळहून येणारी एक १२ वर्षांची मुलगी आहे. पहिल्या दिवशी तिचं "पुढे" चेंडू स्टंपला लागल्यावर यायचं, आणि आम्ही दोघंही हसायचो. दुसऱ्या आठवड्यात ते टप्प्याबरोबर यायला लागलं. चौथ्या आठवड्यात एकदा मी मुद्दाम मनगट मागे दाबून आखूड टाकला, तर चेंडू माझ्या हातातून सुटतोय न सुटतोय तोच ती "मागे" म्हणाली आणि खरंच मागे गेलेली होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा पुल मारायला दिला. तिसऱ्या चेंडूला तिने तो नेटच्या दोरीत असा मारला की दोरी बराच वेळ हलत होती. पुलची हालचाल मी तिला जेमतेम पाच मिनिटं शिकवली असेल. तयारी त्या आधीच्या महिन्यात झाली होती.

यातूनच त्या अकादमीबद्दलही सांगता येईल. मी ती पाहिलेली नाही, त्यामुळे ती वाईट आहे असं म्हणणार नाही. पण बोलिंग मशीनची एक अडचण आहे. मशीन एकाच जागी टप्पा टाकत राहतं. चौथ्या-पाचव्या चेंडूपर्यंत मुलाच्या डोळ्यांना काही ओळखायचं कामच उरत नाही. तो आधीच पाय काढून उभा असतो आणि ४० पैकी ३० चेंडू छपरापर्यंत जातात. व्हिडिओ सुंदर निघतो. मॅचमध्ये मात्र बोलर दर चेंडूला जागा बदलतो आणि ते ३० फटके कुठे जातात कळत नाही. मशीन उपयोगी आहे, मीही वापरतो, पण एखाद्या विशिष्ट फटक्याची हालचाल अंगात मुरवायला, आणि शक्यतो १४-१५ व्या वर्षानंतर. तोवर खांदे, पोट, मांड्या यांत फटका पेलण्याची ताकद येते. अकराव्या वर्षी ताकदीच्या मागे लागलं की मुलं खालच्या हाताने ओढून मारायला शिकतात, आणि ती सवय काढायला दोन-दोन वर्षं जातात.

खालच्या हातावरून आठवलं, त्याची बॅट कोणत्या नंबरची आहे? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची बॅट मोठी असते. पालक म्हणतात, पुढच्या वर्षीही चालेल. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तसंच. ११ वर्षांच्या मुलाला उंचीप्रमाणे साधारण ५ किंवा ६ नंबरची लागते. घरी एक करून बघा: फक्त वरच्या हाताने बॅट धरून समोर सरळ आडवी करायला सांगा. १० आकडे मोजेपर्यंत हात थरथरला, तर बॅट जड आहे. जड बॅटने सरळ खेळताच येत नाही, आणि मग सर सरळ बॅट, सरळ बॅट म्हणून ओरडत बसतात. कित्येकदा सगळा तिढा एवढ्याशा गोष्टीत असतो.

तुम्ही म्हणाल, पण मोठे खेळाडू तर फटक्यांवर जगतात. यशस्वी जैस्वाल बघा. आझाद मैदानावर माळ्यांच्या तंबूत राहून वाढलेला मुलगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला इंग्लंडविरुद्ध त्याने नाबाद २१४ केल्या, १२ षटकार मारले. टीव्हीवर ते १२ षटकार पुन्हा पुन्हा दाखवले. पण त्याचं पहिलं अर्धशतक ८० चेंडूंत होतं आणि पुढचं ४२ चेंडूंत. ते ८० चेंडू त्याने पिच, उसळी, बोलरचा वेग मोजण्यात घातले. किंवा जेमिमा रॉड्रिग्ज, आपल्याच मुंबईची. ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत महिला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग होता, तिने १३४ चेंडूंत नाबाद १२७ केल्या. ती खेळी मी मुलींना बसवून दाखवली. ताकद कुठे दिसतच नाही. चेंडू उशिरा खेळायचा, गॅप बघायची, पळायचं. आणि ज्या गावसकरांच्या ३६ धावा लोक अजून काढतात, त्यांनीच १९८७ च्या वर्ल्ड कपला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध, झटपट धावा हव्या होत्या तेव्हा, ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. १२ वर्षांत त्यांनी तंत्र नवं आणलं नव्हतं. त्याच सरळ बॅटचा पल्ला वाढवला. सरळ षटकार म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण केलेला ड्राइव्हच असतो: डोकं स्थिर, कोपर वर, बॅट चेंडूच्या रेषेतून. ज्याला जमिनीवरून सरळ मारता येतो त्याला तो उचलायला शिकवणं मला फार सोपं जातं. उलट दिशेने शिकवणं मला आजवर नीट जमलेलं नाही.

काही गोष्टी मात्र मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुम्ही सहा महिने म्हणता, पण त्यातले जून ते सप्टेंबर पावसाचे, मैदानातली नेट त्या काळात बहुधा बंदच असतात. मग उरले मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला ३० चेंडू मिळाले असं धरलं तर आठवड्याला ९०, आणि तीन महिन्यांत ११००-१२०० चेंडू. डिफेन्स पक्का व्हायलाही हे थोडेच आहेत. तुमच्या मुलाला प्रत्यक्षात किती चेंडू मिळतात ते एकदा कठड्यावर बसून मोजा. १५ पेक्षा कमी असतील तर डिफेन्स आणि फटक्यांच्या आधी गर्दीबद्दल बोलायला हवं. डोंबिवलीहून दादर म्हणजे किट बॅग घेऊन लोकलचा तासभर प्रवास, परत यायला तासभर, त्यात शाळा. मुलगा दमलेला असेल तर कंटाळा त्याचाही असू शकतो. कल्याण-डोंबिवलीकडेही आता मनापासून शिकवणारी माणसं आहेत. जवळ असा कुणी असेल, तर शिवाजी पार्क या नावासाठी मुलाची झोप मोडू नका.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईत मुलगा पुढे येतो तो अजूनही शाळेच्या क्रिकेटमधून, १४ वर्षांखालची जाइल्स शील्ड आणि १६ वर्षांखालची हॅरिस शील्ड. हॅरिस शील्डला तर १०० हून अधिक वर्षं झाली. तिथे सीझन बॉल असतो, सामने दिवसभराचे आणि त्याहून लांब असतात, आणि निवड करणाऱ्यांचं लक्ष मोठी खेळी करणाऱ्याकडे जातं. तुमच्या मुलाला जाइल्स शील्डसाठी अजून दोन-तीन वर्षं हातात आहेत. या वयात त्याला दोन तास उभं राहता येणं फार मोलाचं आहे.

तेव्हा माझा सल्ला असा, आत्ता लगेच हलवू नका. आधी सरांशी बोला, पण नेट चालू असताना जाळीमागून नाही, आणि मुलासमोर तर नाहीच. संध्याकाळी सामान आवरून झाल्यावर, एकटे भेटा. त्यांना विचारा, सर, त्याला टप्पा लवकर कळावा म्हणून काय करून घेताय? मोठे फटके साधारण कधी सुरू कराल? महिन्यातून एखादी मॅच खेळायला मिळेल का? माणूस मनापासून शिकवणारा असेल तर या प्रश्नांनी त्याला राग येणार नाही, उलट कुणीतरी नीट बघतंय म्हणून बरं वाटेल. आठवड्यातून एक दिवस शेवटची दहा मिनिटं मोकळं मारायला द्या, अशी विनंतीही करा. मी हे करतो. शुक्रवारी शेवटच्या दहा मिनिटांना आमच्याकडे कुणी घरी जायचं नाव घेत नाही.

उत्तर "मी शिकवतो तसं शिकवू द्या" एवढंच आलं, मॅच मिळत नसेल, मुलगा आउट व्हायला घाबरायला लागला असेल, रविवारी सकाळी पोट दुखतंय म्हणून पांघरुणात राहत असेल, तर मात्र थांबू नका. फेब्रुवारीच्या आत दुसरा कोच बघा. घाबरलेल्या मुलाला कुठलंच तंत्र लागू पडत नाही, हे मी त्या १२ वर्षांच्या मुलाकडून शिकलोय आणि त्याची किंमत त्याने मोजली.

दरम्यान, तुम्हालाही एक काम आहे. उद्या सोसायटीच्या आवारात एक जुना सीझन बॉल किंवा जड रबरी बॉल घ्या, मुलाला हेल्मेट आणि पॅड घालून उभं करा, आणि १५ पावलांवरून सावकाश हाताने टाका. बॅट फिरवायची नाही. टप्पा पडायच्या आधी "पुढे" की "मागे", एवढंच. २४ चेंडू टाका आणि किती वेळा हाक वेळेत आली ते वहीत लिहा. दर दोन दिवसांनी पुन्हा करा. महिनाभराने तो आकडा इथे लिहा, मग पुढे काय करायचं ते ठरवू.